डोकं एक, त्रिकोण तीन

जिन्याखालच्या त्या खोलीत आधी अडगळ होती, मग जावईबापू आले. फरक इतकाच की अडगळीकडे वर्षावर्षात कुणी फिरकत नसे आणि जावईबापूंकडे दिवसातून दहा वेळा कुणीतरी डोकावून जाई.

हे काही त्याचं नाव नव्हे. खरं नाव कुरिअरवाल्याला तेवढं ठाऊक होतं. घरात सगळे जावईबापूच म्हणत, सासूबाई मायेने, मेहुणा खवचटपणे, आणि सासरे अशा सुरात की जणू तो एखादा हुद्दा आहे आणि नेमणूक त्यांनीच केली आहे. तो ज्या स्टुडिओत नोकरीला होता तो बंद पडला, तेव्हा 'सहा महिने राहू, मग बघू' म्हणून नवरा-बायको तिच्या माहेरी आले होते. त्या सहा महिन्यांना आता तीन वर्षं झाली होती. कुणी जा म्हणत नव्हतं, हीच अडचण होती. जा म्हणाले असते तर माणूस निदान रागावून तरी गेला असता.

काम मात्र होतं. लोक मोठ्याने वाचून पुस्तकं रेकॉर्ड करत आणि ती ऐकण्याजोगी करायला त्याच्याकडे पाठवत. वाचणाऱ्याचा खाकरा काढायचा, ओठांची चपचप पुसायची, खाली हलकं संगीत सोडायचं. त्यासाठी एक कॉम्प्युटर, त्यातला आवाज बाहेर काढणारी वीतभर पेटी, तिला इंटरफेस म्हणतात, आणि जुन्या बाजारातून आणलेली छोट्या स्पीकरांची जोडी. पेटीला मागे आवाज बाहेर यायला दोनच भोकं, एक डावं, एक उजवं. जोडी लावली की भोकं संपली. संसार गरिबाचा, पण आटोपशीर होता.

आणि मग ती जाहिरात आली. दूरच्या एका शहरात एक बाई स्टुडिओ चालवत होत्या. त्यांना हेच काम करणारा कायमचा माणूस हवा होता, आणि स्टुडिओच्या वरच्या दोन खोल्या त्या माणसाला राहायला मिळणार होत्या. बायकोने जाहिरात चार वेळा वाचली आणि चारही वेळा 'दोन खोल्या' या शब्दांपाशी थांबली. ती एका औषधांच्या दुकानात कामाला होती. असं दुकान कुठल्याही शहरात असतं. परीक्षा अशी होती की कादंबरीचं एक प्रकरण पाच दिवसांत तयार करून पाठवायचं, सोबत आपण कशावर ऐकून काम करतो ते लिहायचं आणि जागेचा फोटो जोडायचा.

घरात त्यांनी फक्त परीक्षेचं सांगितलं. खोल्यांचं नाही. 'होऊ दे तर खरं, मग सांगू,' असं ठरलं. लग्नाला जायचंय हे लपवून केस कापून घ्यावेत, तसं.

पुढची चूक जावईबापूंचीच. जेवताना मेहुण्याने विचारलं, "काय हो, परीक्षेचा अभ्यास बिभ्यास?" तेव्हा हा गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण माणसाला आपल्या धंद्याबद्दल तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं की तो भुलतो.

"अभ्यास असा नाही दादा," तो म्हणाला, "पण एकाच जोडीवर ऐकून भागत नाही. निरनिराळ्या स्पीकरांवर ऐकून बघावं लागतं. मोठ्या स्टुडिओत दोन-तीन जोड्या असतात."

"मग बोलायचं ना! आमच्या शोरूमची जुनी जोडी पडून आहे. निळा दिवा लागतो तिला." मेहुणा गाड्या विकायचा, दिव्याशिवाय त्याला कुठल्याच वस्तूचं कौतुक सांगता येत नसे.

"आणि माझी?" नाना म्हणाले.

नाना म्हणजे सासरे, वीज मंडळात चाळीस वर्षं वायरमन, शेवटची दहा वर्षं हेड वायरमन. त्यांची जोडी हॉलच्या कोपऱ्यात उभी होती. तरुणपणी त्यांनी स्वतः फळ्या कापून केलेली, कमरेइतकी उंच, आणि गेली पंधरा वर्षं डोक्यावर कुंड्या घेऊन उभी. सासूबाईंनी घास तोंडाशी थांबवला. कुंड्या आता कुठे ठेवायच्या, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

"नाना, पेटीला दोनच भोकं आहेत," जावयाने सावरायचा प्रयत्न केला. "तीन जोड्या लावायच्या तर मधे निवडायचा डबा लागतो. एका वेळी एक जोडी वाजेल असा. बाजारात तयार मिळतो."

"तयार?" नाना म्हणाले. "घरात विहीर, आणि शेजाऱ्याकडे घागर घेऊन जायचं?"

नानांनी दोन दिवस घेतले. पाचातले दोन. त्या दोन दिवसांत जावयाला खोलीत प्रवेश नव्हता. तो बाहेर पायरीवर बसून पक्कड, पेचकस, टेप असं मागतील ते आत देत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दार उघडलं.

मुळात खोली नऊ फूट बाय सात. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून एकुलता एक झरोका प्लायवूडने बंद. समोर टेबलावर छोटी जोडी, तिच्या बाहेर निळ्या दिव्याची, आणि तिच्याही बाहेर, दोन्ही भिंतींना चिकटून, नानांची कमरेइतकी. नानांचा उजवा स्पीकर दाराच्या मागे आल्यामुळे दार दीड वीत उघडत होतं. आत शिरायचं तर आधी पोट आत घ्यायचं, मग खांदा. खुर्चीत बसलं की खुर्ची मागे सरकत नसे. उठायचं तर टेबल पुढे ढकलावं लागे.

स्पीकर लावायचा साधा नियम आहे. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हायला हवा. इथे डोकं एक आणि त्रिकोण तीन होते, आणि ते डोकं जिथे असायला हवं तिथे, तिसऱ्या त्रिकोणाच्या हिशेबाने, भिंत होती.

"हे बघा," नानांनी टेबलाशेजारचा बोर्ड दाखवला. घरातल्या दिव्या-पंख्याला असतात तशी तीन बटणं आणि त्यांच्याखाली नानांच्या सुबक अक्षरात पट्ट्या: जावई, दादा, नाना. "दाबा माझं."

जावयाने 'नाना' दाबलं. खट्.

"आता बाहेर या."

तो खांदा, मग पोट असा बाहेर आला. दाराच्या चौकटीवर तीन छोटे लाल दिवे ओळीने बसवलेले होते आणि तिसरा लागला होता.

"आमच्या सबस्टेशनचा नियम," नाना म्हणाले. "आत काय चालू आहे ते बाहेरच्याला दिसलं पाहिजे. नाहीतर माणूस मरतो."

"पण नाना, इथे कोण मरणार?"

"कुणीच नाही. दिवा आहे ना."

मागच्या बाजूला वायरी जिथे स्पीकरला जोडल्या होत्या तिथे नानांनी झाकण बसवून, तारेने आवळून, त्यावर शिशाचं सील दाबलं होतं, विजेच्या मीटरला असतं तसं. "कुणी चुकून हात लावायला नको," ते म्हणाले आणि 'कुणी' म्हणताना जावयाकडेच पाहिलं.

दार लावून तो बसला. कादंबरीचं प्रकरण लावलं. 'जावई' बटणावर वाचणारा माणूस नीट समोर, दोन स्पीकरांच्या बरोबर मधे बसलेला. 'दादा' बटणावर तो जरा जास्त जेवून आलेला, पण मधेच. 'नाना' दाबलं आणि माणूस नाहीसा झाला. आवाज होता, डावीकडे होता, उजवीकडे होता, गाद्यांतून येत होता. मधे मात्र कुणी नव्हतं, आणि खालचा भारदस्त सूर कुणी पिऊन टाकल्यासारखा गायब.

त्याला अर्ध्या मिनिटात कळलं. नानांच्या दोनपैकी एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या होत्या, अधिकच्या जागी उणे. पेचकसाने दोन टोकांची अदलाबदल, एवढंच काम. पण वर सील, आणि सीलवर चाळीस वर्षं.

दुपारी बायको जेवायला घरी आली तेव्हा त्याने तिला आत घेतलं. म्हणजे ती खुर्चीत बसली आणि तो दाराच्या फटीत उभा राहिला.

"डोळे मिट आणि सांग, वाचणारा कुठे आहे?"

"कुठेच नाही," ती म्हणाली. "भिंतीत आहे." चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणे, या खोलीत 'तू'. "काय झालंय रे?"

"दोन्ही स्पीकरांनी एकदम हवा पुढे ढकलायला हवी. इथे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो."

"मग आमच्या घरात नवीन काय त्यात? सांग नानांना."

"तू सांग."

"मी? मी दहावीत असताना त्यांना म्हटलं होतं की माझ्या खोलीतला पंखा उलटा फिरतोय. चार दिवस ते जेवायला माझ्यासोबत बसले नाहीत. आणि पंखा अजून तसाच आहे, बघ वर जाऊन."

त्याने तरी संध्याकाळी धीर केला. नानांना खुर्चीत बसवलं, प्रकरण लावलं. "नाना, नीट ऐका हं. तुम्हांला मधे काही कमी वाटतंय का?"

नानांनी डोळे मिटून मान डोलावली. "वा! सगळ्या खोलीभर येतंय. तुमच्या त्या छोट्यांचं कसं, एका जागी चिकटून बसल्यासारखं. घरकोंबडे." डोळे उघडून ते म्हणाले, "का? तुम्हांला काही वाटतंय?"

आता 'उलटं लागलंय' हे दोन शब्द. जावयाच्या जिभेवर आले, दातांपाशी थांबले. समोर सत्तरीचा माणूस दोन दिवस गुडघ्यांवर बसून वायरी ओढलेला, कोपराला खरचटलेला.

"नाही," तो म्हणाला. "जरा कुंड्यांशिवाय चुकल्यासारखं वाटतंय."

नाना इतके हसले की सासूबाई बघायला आल्या.

आता खरा त्रास दिव्यांचा. दारावर कुणाचा दिवा किती वेळ लागतो हे घराला दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणून घर मोजत होतं. पहिल्या दिवशी दुपारभर 'जावई' दिवाच लागलेला बघून नानांनी चहाच्या वेळी नुसतं विचारलं, "माझा बल्ब गेला का?" संध्याकाळी मेहुणा बूट काढता काढता म्हणाला, "आमच्याकडे आज लोडशेडिंग दिसतंय." सासूबाई कुणाचीच बाजू घेत नसत, पण जाता-येता त्याही वर बघत आणि नवऱ्याचा दिवा थोडा जास्त वेळ लागू द्यावा, असं चेहऱ्याने सुचवत. जावयाने मग वहीत वेळा आखल्या. सकाळी सव्वा तास नाना, कारण तेव्हा ते घरी असतात. सहानंतर दादा. दोघंही झोपले किंवा बाहेर गेले की आपण. बायकोच्या माहेरी राहणाऱ्या जावयाने सासरच्या माणसांना वेळ वाटून द्यावा, यात तसं गैर काही नाही. फक्त ती माणसं स्पीकरच्या रूपात समोर बसली होती.

नानांच्या जोडीवर तर काम होणारच नव्हतं. तेव्हा त्याने पळवाट काढली. 'नाना' बटण दाबायचं, बाहेर दिवा लागू द्यायचा, नानांच्या जोडीचा आवाज बाहेर पोचेल इतपतच ठेवायचा आणि स्वतः पेटीच्या पुढच्या बाजूला जोडलेला हेडफोन कानाला घट्ट आवळून त्यावर काम करायचं. दिवा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, कान तिसऱ्याचे. झरोका बंद, अंगाला घाम, कानाला पट्टा, पाठीला दार. मधेच दारावर टकटक होई आणि फटीतून अर्धा चेहरा विचारी, "कसं वाटतंय?" तो हेडफोन गळ्यात उतरवून म्हणे, "खोलीभर येतंय, नाना."

अशा रीतीने प्रकरण तयार झालं, आणि चांगलं झालं. हेडफोनवर आणि छोट्या जोडीवर त्याने ते इतक्या वेळा तपासलं होतं की वाचणाऱ्याच्या आवंढ्यांशीही त्याची ओळख झाली होती.

राहिला अर्ज. तो कॉम्प्युटरपाशी, आणि त्याच्यामागे दाराच्या फटीत एकावर एक तीन डोकी.

"लिहा, स्पीकरांच्या तीन जोड्या," नाना म्हणाले. "निवडीची स्वतंत्र व्यवस्था. बाहेर सूचक दिवे."

"दिव्यांचं कशाला, नाना?"

"लिहा हो. समोरच्याला कळू दे, माणूस कुठल्या घरातला आहे."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिचं डोकं सगळ्यांत खाली होतं. "लिहा ना," तीही म्हणाली. "जितकं भरभक्कम दिसेल तितकं बरं." आणि ती त्याच्याकडे बघून पापणी मिटल्यासारखं हसली. दोन खोल्यांसाठी तर चाललं होतं सगळं. त्याने लिहिलं. फोटो मेहुण्याने काढला, तिन्ही जोड्या, निळा दिवा, बोर्डावरच्या पट्ट्या, आणि बोर्डाच्या बाजूला इस्त्रीच्या शर्टात नाना.

रविवारी अकराच्या सुमाराला बाईंचा फोन आला. जावई हॉलमध्ये होता, सगळेच होते. नानांनी त्याच्या हातातून फोन घेतला, मोठ्या आवाजावर टाकला आणि टीपॉयवर ठेवला, सगळ्यांना सारखं ऐकू यावं म्हणून.

"अहो, काय काम केलंय!" बाई म्हणाल्या. "वाचणारा अगदी समोर येऊन बसल्यासारखा वाटतो. बाराजणांनी पाठवलं होतं. तुमचंच घ्यायचं, काही प्रश्नच नाही."

मेहुण्याने टाळी वाजवली. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. बायको हलली नाही. तिचे हात एकमेकांत घट्ट होते.

"आता बघा," बाई पुढे म्हणाल्या, "आमच्या वरच्या दोन खोल्या मी तुमच्यासाठीच धरून ठेवल्या होत्या."

नानांची मान हळूच वळली. आधी मुलीकडे, मग जावयाकडे. "कसल्या खोल्या?" त्यांनी आवाज न काढता ओठांनीच विचारलं.

"पण तुमचा फोटो बघितला आणि म्हटलं, या माणसाला इकडे बोलवायचं म्हणजे शिक्षाच! माझ्याकडे एक जोडी आहे हो. तुमच्याकडे तीन. स्विचबोर्ड काय, दिवे काय! ते शेजारी उभे आहेत ते तुमचे तंत्रज्ञ का?"

"सासरे," जावई म्हणाला.

"भाग्यवान आहात. तर मी म्हणते, उगाच संसार हलवता कशाला? काम मी तिकडेच पाठवत जाईन. दर महिन्याला. तुमची खोली सोडून इथे येऊन करणार काय तुम्ही?"

जावयाला दिसत होतं की सुटकेचा दोर अजून हातभर अंतरावर आहे. एक वाक्य बोलायचं होतं. बाई, या खोलीत खरं ऐकू येत नाही. तुमची परीक्षा मी हेडफोनवर दिली. तिसरी जोडी उलटी लागली आहे. मला तिकडेच यावं लागेल. खरं बोलायचं होतं, आणि ते त्याच्या धंद्यातलं होतं, त्यात त्याला कुणी खोटं ठरवलं नसतं. पण फोन टीपॉयवर मोठ्या आवाजात होता, आणि टीपॉयपलीकडे नाना बसले होते, ज्यांना मुलगी घर सोडून जायला निघाली होती हे कळून अजून अर्धं मिनिटही झालं नव्हतं. एक थोबाडीत बसून झाली होती. दुसरी त्याच्या हाताने व्हायची नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "म्हणजे त्यातली एक जोडी जरा... जुनी आहे."

"जुनीच चांगली असते!" बाई म्हणाल्या. "मग ठरलं. खोल्या मी आता वाचणाऱ्या माणसाला देऊन टाकते, तो बिचारा दोन बस बदलून येतो."

फोन बंद झाला. सासूबाई चहा टाकायला उठल्या, कारण अशा वेळी कुणीतरी काहीतरी टाकायला हवंच असतं. मेहुणा म्हणाला, "चौथी जोडी बघू का?"

बायको त्याच्याजवळ सरकली आणि हळूच, चारचौघांत पहिल्यांदाच, म्हणाली, "का नाही बोललास?"

त्याने नानांकडे नुसतं पाहिलं. तीही तिकडे बघू लागली.

नाना उठून आत गेले. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात मोजपट्टी होती. ते जिन्याकडे गेले, खोलीच्या भिंतीवर हात ठेवून उभे राहिले, बोटांनी ठोकून पाहिलं. "दर महिन्याला काम येणार," ते भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाले. "एवढ्याशा जागेत व्हायचं नाही. ही मधली भिंत काढली तर कोठीची जागा आत घेता येईल. चार फूट वाढतील. या हो जावईबापू, जरा टोक धरा."

जावई गेला आणि त्याने पट्टीचं डबीकडचं टोक धरलं. कुणी हातात दिलेली वस्तू नको म्हणायची सवय तीन वर्षांत गेली होती.

"नाना," मागून बायको म्हणाली. "आम्हांला जायचंय. काम इथे येवो नाहीतर न येवो. वेगळं राहायचंय आम्हांला."

नाना वळले नाहीत. पट्टी ओढत ते चार पावलं मागे गेले आणि कोठीच्या दारापाशी थांबले.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

रागाने विचारलं असतं तर काहीतरी उत्तर सुचलं असतं. त्यांनी अगदी साधं, पत्ता लिहून घ्यायला विचारतात तसं विचारलं. आणि पत्ता नव्हता. सकाळी अकरापर्यंत होता. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने पट्टीकडे.

"बघू अजून," शेवटी ती म्हणाली.

"बघा की. मी नाही म्हणतोय का?" नानांनी पट्टी ताणली. "फक्त जागा ठरली की आधी मला दाखवा. तिथलं वायरिंग मीच करणार. बाहेरच्या माणसाचा काय भरवसा, कशाला काय जोडून ठेवेल." मग डोळे बारीक करून ते पट्टीवरून जावयाकडे बघत म्हणाले, "माझा चष्मा आत राहिलाय. वाचा हो, किती झाले?"

जावईबापूंनी वाकून पाहिलं.

"तेरा फूट, दोन इंच," तो म्हणाला.